दाखला आणि जनरल रजिस्टर : सॉफ्टवेअरची प्रत मुळाबरहुकूम आहे का?

प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असते. मुलाचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, प्रवेशाचा दिवस, अशा नोंदी त्यात एकदाच आणि काळजीपूर्वक केल्या जातात. मूल शाळा सोडते तेव्हा या नोंदींवरून दाखला तयार होतो. दाखल्याच्या तळाशी एक वाक्य छापलेले असते. वरील माहिती शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे आहे, असा त्याचा आशय. त्याखाली वर्गशिक्षक, लेखनिक आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या असतात आणि शाळेचा शिक्का असतो.

या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेऊ. पुढच्या आयुष्यात त्या मुलाच्या उपयोगी पडतो तो दाखला. महाविद्यालय दाखला पाहते, कचेरी दाखला पाहते. जनरल रजिस्टर पाहायला शाळेत सहसा कोणी येत नाही. दाखल्यावरचा शिक्का खरा आहे की खोटा, हे बारकाईने पाहणारे भेटतात. पण दाखल्यातली नोंद आणि रजिस्टरमधली नोंद एकच आहे का, हा निराळा प्रश्न आहे. शिक्का खरा असूनही नोंद वेगळी असू शकते. ती जुळते की नाही हे कळायला दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचण्यावाचून गत्यंतर नसते.

संगणकाच्या सॉफ्टवेअरबाबत नेमका हाच प्रश्न २०२४ साली साऱ्या जगापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना संगणकशास्त्रज्ञांना काय करावे लागते, ते या लेखात पाहू.

भांडार म्हणजे काय?

सॉफ्टवेअर म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञांचा संच. माणसाला वाचता येईल अशा भाषेतल्या या आज्ञांना सोर्स कोड म्हणतात. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये लाखो ओळी असतात आणि त्या एकाच वेळी अनेक माणसे लिहीत असतात. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, याची नोंद ठेवली नाही तर थोड्याच दिवसांत गोंधळ उडेल. म्हणून 'आवृत्ती-नियंत्रण' करणाऱ्या प्रणाली निघाल्या. त्यांपैकी एक पहिली प्रणाली १९७२ मध्ये बेल लॅब्ज या संस्थेत मार्क रॉचकाइंड यांनी तयार केली. आज सर्वांत अधिक वापरली जाणारी प्रणाली म्हणजे 'गिट'. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहिली.

गिटमध्ये सोर्स कोडचे एक भांडार असते. रिपॉझिटरी म्हणतात ती हीच. प्रत्येक बदलाची तेथे नोंद होते : तारीख, करणाऱ्याचे नाव, बदललेल्या ओळी आणि कारण. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे भांडार सर्वांसाठी खुले असते. जगाच्या पाठीवरचा कोणीही माणूस ते वाचू शकतो आणि चूक दिसल्यास सांगू शकतो. 'अनेक डोळे पाहत असतात, म्हणून मुक्त सॉफ्टवेअर विश्वासार्ह असते' असे आपण ऐकतो, ते या भांडाराच्या भरवशावर. हे झाले आपले जनरल रजिस्टर.

मग गठ्ठा कशाला?

वापरणाऱ्यांपर्यंत मात्र भांडार पोहोचत नाही. एखादी आवृत्ती पुरी झाली की तिच्या सगळ्या फाइली एकत्र बांधून, दाबून लहान केलेला एक गठ्ठा तयार करतात. संगणकवाले त्याला टारबॉल म्हणतात. त्या गठ्ठ्यावर क्रमांक टाकून तो जाहीर होतो. डेबियन, फेडोरा यांसारखे लिनक्सचे संच तयार करणारे लोक हा गठ्ठा उतरवून घेतात, त्यात आपल्या गरजेपुरते बदल करतात आणि त्याचे पॅकेज बनवतात. आपल्या संगणकावर अखेर हे पॅकेज येते. गठ्ठा म्हणजे आपला दाखला.

आता गठ्ठा आणि भांडार तंतोतंत सारखे असावेत असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बहुधा ते तसे नसतात, आणि त्याला एक प्रामाणिक कारण आहे. १९९० च्या सुमारास युनिक्स प्रकारचे निरनिराळे संगणक वापरात होते. एका कंपनीच्या यंत्रावर चालणारा सोर्स कोड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर जसाच्या तसा चालत नसे. म्हणून गठ्ठ्यात एक 'कॉन्फिगर' नावाची फाइल घालण्याची पद्धत पडली. ही फाइल आधी यंत्राची तपासणी करते, येथे कोणत्या सोयी आहेत ते पाहते आणि मग त्याप्रमाणे बांधणीच्या सूचना तयार करते. ती कोणी हाताने लिहीत नाही. माणूस एक छोटी फाइल लिहितो आणि तिच्यावरून 'ऑटोकॉन्फ' नावाचे साधन हजारो ओळींची कॉन्फिगर फाइल तयार करते. वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ असेलच असे नाही, म्हणून तयार फाइल गठ्ठ्यात घालून देतात. भांडारात मात्र ती ठेवत नाहीत, कारण हाताने लिहिलेल्या फाइलीवरून ती केव्हाही पुन्हा करता येते.

ही सोय होती. पण तिच्यामुळे एक सवयही लागली. गठ्ठ्यात भांडारापेक्षा काही फाइली अधिक असणारच, असे सगळे गृहीत धरू लागले. त्या अधिकच्या फाइली यंत्राने केलेल्या, लांबलचक आणि वाचायला अत्यंत कंटाळवाण्या. साहजिकच त्या कोणी वाचेना.

ठसा : वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

पुढे जाण्यापूर्वी दोन प्रती सारख्या आहेत हे संगणक कसे ओळखतो ते पाहू. लाखो ओळी डोळ्यांनी ताडून पाहता येणार नाहीत. त्यासाठी संपूर्ण मजकुरावरून एक छोटी संख्या काढतात. तिला हॅश म्हणतात, आपण तिला मजकुराचा ठसा म्हणू. मजकुरात बदल झाला की ठसा बदलला पाहिजे, ही अपेक्षा.

हे सातवी-आठवीच्या वर्गात सहज करून दाखवता येते. फळ्यावर ५२७४ ही संख्या लिहा. हा आपला 'मजकूर'. मुलांना विचारा, याचा ठसा कसा काढाल? अंकांची बेरीज करू, असे कोणीतरी म्हणेल. बेरीज येते १८. आता मधले दोन अंक अदलाबदल करून ५७२४ लिहा. बेरीज पुन्हा १८! मजकूर बदलला, पण ठसा बदलला नाही. ही पद्धत कुचकामी ठरली.

आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणू. पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, याप्रमाणे.

५२७४ : ५×१ + २×२ + ७×३ + ४×४ = ४६

५७२४ : ५×१ + ७×२ + २×३ + ४×४ = ४१

अदलाबदल पकडली गेली. पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकातला शेवटचा अंक अशाच स्थानानुसार गुणाकाराने काढतात. त्यामुळे क्रमांक उतरवताना झालेल्या चुका सापडतात.

पण येथेच थांबू नका. मुलांना सांगा, 'ठसा ४६ च येईल अशी दुसरी चार अंकी संख्या शोधा.' पाच-दहा मिनिटांत कोणीतरी ३३७४ किंवा तशीच एखादी संख्या आणून दाखवील (३ + ६ + २१ + १६ = ४६). म्हणजे ही पद्धत अनवधानाने झालेली चूक पकडते, पण मुद्दाम फसवणाऱ्याला पकडत नाही. चूक आणि लबाडी यांतला हा फरक मुलांच्या मनावर चांगला ठसतो.

लबाडाला पुरून उरेल असा ठसा काढण्याच्या पद्धती गणितज्ञांनी शोधल्या आहेत. 'शा-२५६' ही त्यांतली एक. तिच्या ठशांची संभाव्य संख्या २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्या, इतकी आहे. दिलेल्या ठशाचा दुसरा मजकूर शोधण्याचा व्यवहार्य मार्ग आज कोणालाही ठाऊक नाही. जुनी 'शा-१' पद्धत मात्र मोडली. एकच ठसा असलेल्या दोन निराळ्या फाइली २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेतील आणि गूगलमधील संशोधकांनी करून दाखवल्या.

गिटमध्ये या ठशांचा मोठा सुरेख उपयोग केला आहे. प्रत्येक नोंदीचा ठसा काढताना त्यात आधीच्या नोंदीचा ठसाही मिसळतात. त्यामुळे जुन्या एखाद्या पानावर कोणी खाडाखोड केली, तर त्या पानाचा ठसा बदलतो, आणि पुढच्या प्रत्येक पानाचाही बदलतो. मागची नोंद गुपचूप फिरवणे म्हणूनच फार अवघड होते.

२००२ : गठ्ठा बदलला

ओपन एसएसएच हे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर. जुलै २००२ च्या अखेरीस कोणीतरी त्याच्या वितरणाच्या संगणकात शिरून खरा गठ्ठा काढला आणि त्या जागी विषारी गठ्ठा ठेवला. तो बांधायला घेतला की तो बाहेरच्या एका संगणकाशी संपर्क साधून तेथून हुकूम घेऊ पाही.

हा प्रकार काही दिवसांतच उघडकीस आला. फ्रीबीएसडी या प्रणालीत खऱ्या गठ्ठ्याचा ठसा आधीच नोंदवून ठेवलेला होता. नवा उतरवलेला गठ्ठा त्याच्याशी जुळेना. शिवाय त्यावर मूळ लेखकांची डिजिटल सहीही नव्हती. आपल्या भाषेत सांगायचे तर दाखला बनावट होता आणि शिक्का तपासताच तो पकडला गेला.

२००३ : एका चिन्हाची गोष्ट

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २००३ चा. लिनक्सच्या गाभ्याचे मुख्य भांडार त्या वेळी 'बिटकीपर' नावाच्या प्रणालीत होते. ज्यांना ती वापरायची नव्हती, त्यांच्यासाठी 'सीव्हीएस' या जुन्या प्रणालीत एक प्रत ठेवली जाई. या प्रतीत एके दिवशी दोन ओळींचा एक बदल दिसला. वरवर पाहता त्या ओळी साध्या तपासणीच्या होत्या. अमुक एक विचित्र पर्याय निवडला असेल आणि वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य असेल, तर चूक झाल्याचे कळवा, असे त्या सांगत आहेत असे वाटे.

संगणकाच्या 'सी' या भाषेत 'बरोबर आहे का?' असे विचारायला '==' असे दुहेरी चिन्ह वापरतात. एकेरी '=' चा अर्थ 'ही किंमत दे' असा होतो. त्या ओळीत दुहेरी चिन्हाऐवजी एकेरी चिन्ह होते. म्हणजे 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का?' असा प्रश्न न विचारता ती ओळ वापरणाऱ्याला शून्य क्रमांक देऊन टाकत होती. लिनक्समध्ये शून्य क्रमांक हा सर्वाधिकारी वापरणाऱ्याचा. तो विचित्र पर्याय ज्याला ठाऊक असेल, तो कोणीही संगणकाचा मालक बनला असता.

हे कसे सापडले? ओळ वाचून नव्हे. सीव्हीएसच्या प्रतीत हा बदल होता, पण मुख्य भांडारात त्याची नोंदच नव्हती. प्रत आणि मूळ यांची तुलना होत होती म्हणून न जुळणारी नोंद तत्काळ उठून दिसली. मग लोकांनी ती वाचली आणि तिचा अर्थ ध्यानात आला.

२०२४ : शिक्का खरा, नोंद खोटी

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. 'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर. लिनक्सच्या बहुतेक संचांत ते असतेच. फिनलंडचे लासे कॉलिन हे गृहस्थ ते वर्षानुवर्षे आवड म्हणून, विनामोबदला सांभाळत होते. २०२१ पासून जिया टॅन या नावाने कोणीतरी त्यांना मदत करू लागले. सुधारणा उपयोगी होत्या, बोलणे सौजन्याचे होते. दरम्यान आणखी काही अनोळखी नावांनी तक्रारी येऊ लागल्या, की काम फार हळू चालले आहे, आणखी कोणाकडे तरी सोपवा. हळूहळू जिया टॅनकडे नव्या आवृत्त्या जाहीर करण्याचे अधिकार आले. या नावामागे खरोखर कोण होते, ते आजवर उघड झालेले नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या. त्यांत चोरदरवाजा होता, आणि तो दोन तुकड्यांत विभागलेला होता. पहिला तुकडा खुल्या भांडारातच होता, पण चाचणीसाठी ठेवलेल्या दाबलेल्या फाइलींच्या रूपात. अशा फाइली माणसाला वाचता येत नाहीत. त्यांतली एक तर मुद्दाम 'बिघडलेली' फाइल म्हणूनच ठेवलेली होती. नुसत्या त्या फाइली निरुपद्रवी होत्या, कारण त्या उघडून आतला मजकूर कामाला लावणारे कोणी नव्हते.

ते काम करणारा दुसरा तुकडा फक्त गठ्ठ्यात होता. कॉन्फिगर फाइल बनवण्यासाठी लागणाऱ्या साहाय्यक फाइलींत 'बिल्ड-टू-होस्ट' नावाची एक फाइल असते. या नावाची प्रामाणिक फाइल खरोखरच अस्तित्वात आहे, आणि तिच्या डोक्यावर आवृत्तीचा अनुक्रमांक ३ असा होता. गठ्ठ्यातल्या फाइलीवर तो ३० होता. आत काही ओळी अधिक घातलेल्या होत्या. बांधणी सुरू झाली की त्या ओळी चाचणीच्या फाइलींतून विष काढून एक्सझेडच्या ग्रंथालयात मिसळत. तेही सर्वत्र नव्हे, तर डेबियन किंवा फेडोरा यांच्या पद्धतीचे पॅकेज बनत असेल तेव्हाच. अनेक संचांत ओपन एसएसएच अप्रत्यक्षपणे हे ग्रंथालय वापरत असे. त्यामुळे ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली आहे, त्याला अशा कोणत्याही संगणकात परवानगीवाचून शिरता आले असते.

या गठ्ठ्याचा ठसा तपासला असता तर तो जुळला असता. त्यावरची डिजिटल सही अधिकृत माणसाचीच होती. २००२ मध्ये ज्या उपायाने चोरी पकडली, तो येथे लागू पडला नाही. शिक्का अस्सल होता, फक्त दाखल्यातली नोंद रजिस्टरमध्ये नव्हती. आणि गठ्ठ्यात अशा अधिकच्या फाइली असतातच, या सवयीमुळे ती शेजारी ठेवून वाचण्याचे कोणाला सुचले नाही.

हे सापडले ते योगायोगाने. पोस्टग्रे या डेटाबेसवर काम करणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड हे काही अचूक वेळमापने करत होते. त्यांच्या लक्षात आले, की ओपन एसएसएचच्या जोडणीला ०.३ सेकंदाऐवजी ०.८ सेकंद लागत आहेत. अर्ध्या सेकंदाचा हा फरक कोठून आला, याचा त्यांनी चिकाटीने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जाहीर इशारा दिला. विषारी आवृत्त्या तोवर डेबियन, फेडोरा आणि इतर काही संचांच्या चाचणी-शाखांत पोहोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत त्या आल्या नव्हत्या. काही महिने आणखी गेले असते तर जगभरच्या असंख्य सर्व्हरांत हा दरवाजा बसला असता. मोजमापातला छोटासा फरक दुर्लक्षून पुढे न जाण्याची वृत्ती म्हणजे काय, हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

तुलना सोपी का नाही?

मग प्रत्येक गठ्ठा भांडाराशी ताडून पाहावा, इतके साधे उत्तर आहे, असे वाटेल. अडचणी दोन आहेत.

पहिली अडचण बांधणीची. फाइली त्याच असल्या तरी गठ्ठा बांधताना त्यात वेळ, फाइलींचा क्रम, मालकाचे नाव या गोष्टी शिरतात. दाबण्याचे साधन बदलले तरी बाहेर येणारे अंक बदलतात. जानेवारी २०२३ मध्ये गिटहब या संकेतस्थळाने गठ्ठे दाबण्याची पद्धत बदलली. आतला मजकूर जराही बदलला नव्हता, पण ठसे बदलले आणि जगभर अनेकांच्या बांधण्या अडल्या. शेवटी बदल मागे घ्यावा लागला. यावर उपाय असा, की वेळ ठरावीक घालायची, फाइली वर्णानुक्रमाने लावायच्या, मालकाचे नाव पुसायचे. म्हणजे कोणीही, कोठेही बांधले तरी गठ्ठा अंकाअंकाने सारखाच येतो.

दुसरी अडचण यंत्राने केलेल्या फाइलींची. येथे उपाय असा, की गठ्ठ्यातल्या तयार फाइलींवर विसंबायचे नाही. भांडारातून नेमकी ती आवृत्ती घ्यायची आणि कॉन्फिगर वगैरे फाइली आपल्या हाताने पुन्हा तयार करायच्या. एक्सझेडच्या प्रकरणानंतर हा आग्रह वाढला.

डेबियनची वाट

डेबियन हा १९९३ मध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प. त्याच्या संचात हजारो सोर्स पॅकेजे आहेत. एका पॅकेजमध्ये साधारणपणे मूळ लेखकांचा गठ्ठा, डेबियनने केलेल्या बदलांचा दुसरा गठ्ठा आणि दोन्हींचे ठसे नोंदवलेली सही केलेली चिठ्ठी, असे तीन घटक असतात. प्रत्येक स्वयंसेवक आपले काम बहुधा गिटच्या भांडारात करतो, पण प्रत्येकाची पद्धत निराळी. कोणाच्या भांडारात बदल मुळात मिसळलेले, कोणाच्या भांडारात वेगळे ठेवलेले, तर काहींच्या भांडारात मूळ सोर्स कोडच नाही, केवळ डेबियनपुरत्या फाइली. म्हणून भांडारात दिसते तेच पॅकेजमध्ये आहे, याची सरसकट खात्री देता येत नसे.

हे अंतर मिटवण्यासाठी २०१३ मध्ये इयन जॅक्सन यांनी 'डीगिट' हे साधन आणले. संग्रहातले कोणतेही पॅकेज गिटच्या भांडाराच्या रूपात त्यातून मिळते, आणि ते पॅकेजशी तंतोतंत जुळलेले असते. नवे पॅकेज पाठवताना डीगिट आधी दोन्हींची तुलना करते. जुळले नाही तर पाठवायला नकार देते. म्हणजे 'रजिस्टरप्रमाणे आहे' हे वाक्य नुसते छापलेले राहत नाही, प्रत्येक वेळी पडताळले जाते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे 'टॅग-टू-अपलोड' ही व्यवस्था. तीत स्वयंसेवक स्वतःच्या संगणकावर पॅकेज बांधतच नाही. भांडारातल्या नेमक्या नोंदीवर तो आपली डिजिटल सही करतो. ती सही पाहून डेबियनचा एक सर्व्हर त्या नोंदीवरून पॅकेज तयार करतो. हाताने दाखला लिहिण्याचे कामच उरत नाही, त्यामुळे लिहिताना काही घुसडण्याची संधीही उरत नाही. याला विरोध करणारेही होते. सगळे काम एका सर्व्हरवर आले, तर तो सर्व्हर फोडणे हेच लबाडाचे लक्ष्य होईल, असे त्यांचे म्हणणे. ही शंका रास्त आहे. म्हणून भांडार, सही आणि तयार पॅकेज ही तिन्ही जपून ठेवणे आवश्यक ठरते. तिन्ही हाताशी असली की पडताळणी कोणालाही पुन्हा करता येते.

जुळले म्हणजे झाले का?

नाही. मूळ आणि प्रत जुळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. रजिस्टरमध्येच खोटी नोंद असेल तर तंतोतंत दाखलाही खोटाच. एक्सझेडचा अर्धा भाग खुल्या भांडारातच होता, हे आपण पाहिले. २८ मार्च २०२१ रोजी पीएचपी या भाषेच्या भांडारात दोन विषारी बदल शिरले. त्यांवर त्या भाषेच्या दोन प्रमुख लेखकांची नावे घातलेली होती आणि एक बदल लेखनदोषाची दुरुस्ती म्हणून नोंदवलेला होता. पण ते खुल्या भांडारात होते, लोक नोंदी वाचत होते. काही तासांतच ते बदल ध्यानात आले आणि काढून टाकले गेले.

या दोन प्रसंगांतला फरक बोलका आहे. जे वाचले जाते तेथे घातलेली लबाडी तासांत सापडली. जे कोणी वाचत नाही तेथे घातलेली लबाडी महिनाभर टिकली आणि योगायोगाने सापडली. प्रत मुळाशी जुळवून ठेवायची ती यासाठी, की अनेक डोळ्यांनी केलेल्या वाचनाचे फळ वापरणाऱ्याच्या पदरात पडावे. वाचायचे एक आणि चालवायचे दुसरे, असे झाले तर ते सारे वाचन वाया जाते.

आम्हा संशोधकांना हे निराळ्या कारणानेही महत्त्वाचे वाटते. आज बहुतेक शास्त्रशाखांतले निष्कर्ष कोणत्या ना कोणत्या सॉफ्टवेअरमधून येतात. ते कोणत्या सोर्स कोडवरून बांधले हे नक्की सांगता आले नाही, तर दुसऱ्याला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. आणि जो प्रयोग पुन्हा करता येत नाही, त्यावर विज्ञानात विश्वास ठेवत नाहीत.

शाळेत काय करता येईल?

शाळेच्या संगणक-कक्षात लिनक्सचा संच उतरवून घ्याल तेव्हा त्याच्या पानावर दिलेला शा-२५६ ठसा पाहा आणि उतरलेल्या फाइलीचा ठसा मुलांसमोर काढून दोन्ही जुळवा. लिनक्समध्ये त्यासाठी 'शा२५६सम' ही आज्ञा आधीच असते. मग त्याच फाइलीच्या प्रतीत एक अक्षर बदलून ठसा पुन्हा काढायला लावा. ६४ चिन्हांचा तो ठसा ओळखू न येण्याइतका बदललेला पाहून मुले चकित होतात.

त्यानंतर एक प्रश्न वर्गापुढे ठेवा : 'ठसा जुळला. यावरून काय सिद्ध झाले आणि काय सिद्ध झाले नाही?' सिद्ध झाले ते इतकेच, की देणाऱ्याने दिले तेच आपल्याला मिळाले. देणाऱ्याने रजिस्टरप्रमाणे दिले का, आणि रजिस्टरमधली नोंद बरोबर आहे का, हे दोन प्रश्न शिल्लक राहतात. मुलांनी हे दोन प्रश्न स्वतःहून विचारले, तर पाठ सफल झाला असे समजायला हरकत नाही.